कान्हाला जायचे ठरवताना

सकाळचे अकरा वाजलेले असतात. जिप्सी दरवाजातून बाहेर येते. पहाटेपासून थंडीत कुडकुडलेली मुले खाली उतरतात आणि हॉटेलवर कुणीतरी विचारते, ''काय, दिसला का?'' मुलांचे चेहरे पडतात. बाबा म्हणतात, ''पैसे फुकट गेले.'' आई गप्प राहते, कारण तिला हरणांचा तो कळप खूप आवडलेला असतो. पण वाघ दिसला नाही म्हटल्यावर ते सांगायचे तरी कसे?

सुट्टीत अभयारण्याला जाणाऱ्या अनेक कुटुंबांचे असेच होते. खर्च भरपूर, धावपळ भरपूर आणि परतताना मन खट्टू. दोष जंगलाचा नसतो, आखणीचा असतो. मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानाचेच उदाहरण घ्या. मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत पसरलेल्या या जंगलाचा गाभाच सुमारे ९४० चौरस किलोमीटरचा आहे. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत त्याची निवड झाली. एवढ्या अफाट रानात वाघ ठरल्या वेळी रस्त्यावर येऊन उभा राहील, अशी अपेक्षा कशी करायची?

आधी दरवाजा, मग हॉटेल

बहुतेक जण आधी हॉटेल ठरवतात आणि इथेच फसतात. कान्हाच्या गाभ्यात जाण्यासाठी खटिया, मुक्की आणि सरही असे वेगवेगळे दरवाजे आहेत. आत कान्हा, किसली, मुक्की आणि सरही हे विभाग आहेत. खटिया आणि मुक्की ही उद्यानाची दोन टोके. एकीकडे मुक्काम आणि दुसरीकडे सफारीचा परवाना, असे झाले तर भल्या पहाटे मुलांना उठवून लांबचा प्रवास करावा लागतो. तेव्हा आधी परवाना कोणत्या दरवाजाचा मिळतो ते पाहावे, मगच त्याच्या जवळचे हॉटेल घ्यावे.

जबलपूरहून येणाऱ्यांना मंडलामार्गे खटिया सोयीचे. हे अंतर साधारण १६० किलोमीटर आहे. नागपूर किंवा गोंदियाहून जाणाऱ्यांना बालाघाट-बैहरमार्गे मुक्की बरे पडते. नागपूरहून निघाल्यास प्रवासातच जवळजवळ एक दिवस जातो, म्हणून त्या दिवशी सफारी ठेवू नये.

परवाने मध्य प्रदेश वनखात्याच्या संकेतस्थळावर आधीच काढावे लागतात. रोज ठरावीकच गाड्या आत सोडतात. त्यामुळे दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीचे परवाने फार लवकर संपतात. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. परवान्यावर ज्यांची नावे आहेत त्यांनी तेच मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे. आजी-आजोबांचे ओळखपत्र घरी राहिल्याने दरवाजावर खोळंबा होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. बुधवारी दुपारची सफारी बंद असते आणि पावसाळ्यात, साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र पूर्ण बंद असते. नियम आणि दर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी.

काय पाहायचे, त्यावर कधी जायचे

उन्हाळ्यात, मार्च ते जूनच्या काळात गवत वाळते आणि जनावरे पाणवठ्यावर येतात. वाघ दिसण्याचा संभव तेव्हा अधिक. पण ऊन कडक असते आणि लहान मुले, वृद्ध यांना उघड्या गाडीतली दुपार सोसत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे मैदानांवर दहिवर गोठते. स्वेटर, कानटोपी, मफलर आणि एखादी जाड चादर हवीच. पण हाच काळ कान्हाच्या खऱ्या वैभवाचा. बारशिंग्यांच्या मीलनाचा हा हंगाम. नर शिंगांवर गवताचे झुबके अडकवून मिरवतात आणि त्यांच्या हाकांनी धुक्यातले मैदान दुमदुमते. नवरदेवाच्या मुंडावळ्याच जणू!

सहासष्टांची गोष्ट

हे बारशिंगे पाहताना मुलांना त्यांची गोष्ट जरूर सांगावी. कठीण जमिनीवर राहणारी बारशिंग्यांची ही उपजात. एके काळी मध्य भारतात ती बऱ्याच भागांत होती. शिकार झाली, कुरणे नष्ट झाली आणि १९७० मध्ये कान्हात अवघे ६६ प्राणी उरले. जगात इतरत्र ही उपजात रानात जवळजवळ राहिलीच नव्हती. ते ६६ गेले असते, तर ती संपलीच असती.

मग त्यांच्यासाठी कुंपण घालून सुरक्षित जागा केली, शिकारी प्राण्यांना तिथे मज्जाव केला. बारशिंगा जवळजवळ गवतावरच जगतो आणि पाडसांना उंच गवतात लपवतो. म्हणून गवताची मैदाने राखली गेली. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. इथले बारशिंगे २०१५ मध्ये सातपुड्याला आणि २०२३ मध्ये बांधवगडला नेऊन वसवण्यात आले. २०१७ मध्ये कान्हाने 'भूरसिंग' नावाचा बारशिंगा आपले बोधचिन्ह म्हणून निवडला.

या यशाची किंमतही कुणीतरी मोजली आहे. जिथे गाडी थांबवून आपण फोटो काढतो, त्यांतली सोंफसारखी काही मैदाने पूर्वी गावे होती. बैगा आणि गोंड कुटुंबांनी घरे, शेते सोडली तेव्हा तिथे गवत वाढले. मोठ्या मुलांना हेही सांगावे. राखलेले रान आपोआप राहत नाही, हे त्यांना कळायला हवे.

तीन सफाऱ्या पुरे

मुले बरोबर असतील तर दोन रात्रींचा मुक्काम आणि तीन सफाऱ्या पुरेशा होतात. पहिली दुपारची, दुसरी सकाळची. त्या दुपारी विश्रांती घेऊन तिसरी दुसऱ्या सकाळी, शक्यतो वेगळ्या विभागात. लागोपाठ चार सफाऱ्या केल्या की मुले गाडीतच झोपतात आणि मोठ्यांची चिडचिड होते.

गाइडला पहिल्याच वेळी सांगावे, ''आम्हाला फक्त वाघ नको, जंगल दाखवा.'' एवढ्या वाक्याने सफारीचा रंगच बदलतो. मग गाडी वाघाच्या बातमीमागे धावत नाही. उंच सालवृक्षांखाली इंजिन बंद करून ती थांबते. चितळाची भेदरलेली हाक, झाडावरून वानराचा इशारा, गव्यांचा कळप, रानकुत्र्यांची टोळी, हे सारे दिसू-ऐकू येते. श्रवण तलावाजवळ गाइड दशरथ आणि श्रावणबाळाची कथा सांगतो. बम्हनी दादरच्या पठारावरून दिसणारा सूर्यास्त तर विसरता येत नाही.

कपडे खाकी, हिरवे किंवा मातकट रंगाचे असावेत. अत्तर लावू नये. आतमध्ये स्वच्छतागृहे मोजक्याच ठिकाणी असतात, म्हणून निघण्यापूर्वीच मुलांना जाऊन यायला सांगावे. नेहमीची औषधे, डासांचे मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे न्यावेत. मोठे रुग्णालय मंडला किंवा बालाघाटलाच भेटेल.

आणखी एक छोटी युक्ती. प्रत्येक मुलाला एक वही द्या. दिसलेले प्राणी, पक्षी, पायांचे ठसे, ऐकलेले आवाज त्यात लिहायला सांगा. परतल्यावर कुणी ''दिसला का?'' असे विचारले, तर मूल वही उघडून दाखवील. त्यात वाघ असेल किंवा नसेल. पण सहासष्टांचे हजार झालेले ते बारशिंगे नक्की असतील.