फेरी एजंटाची, मुखत्यारी माणसाची

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींत सध्या असे मत बळावत चालले आहे की, लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या बसविणे, रात्रीच्या चाचण्यांत जे नापास झाले त्याचा तपास लावणे, त्रुटींच्या नोंदी चाळणे अशी जी कामे ठरल्या वेळी पुनःपुन्हा करावी लागतात, ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाला वेळापत्रक लावून सोपवावीत आणि माणसाने तिकडे ढुंकूनही पाहू नये. कारण आवर्ती काम हे बुद्धीवाचून होणारे काम होय. सोपवण्याविषयी माझी तक्रार नाही. हे कारण मात्र मला सर्वस्वी नामंजूर आहे.

नित्याच्या फेरीतही बुद्धी कशी लागते याचे एक उदाहरण पाहा. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी भीमाशंकरच्या डोंगररांगेतील माळीण या आंबेगाव तालुक्यातल्या गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ही वर्दी बाहेर पोहोचली ती त्या मार्गाने जाणाऱ्या एस.टी.च्या चालकामुळे, गाव असावयाचे तेथे त्याला चिखलाचा ढिगारा दिसला. गावाची पाहणी करणे हे काही त्याच्या कामात लिहिलेले नव्हते. परंतु तेथे काय असावयास हवे होते हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच काय नाहीसे झाले हे त्याने ओळखले. नवख्याला तो दरडीने अडलेला एक रस्ता वाटला असता. नित्याच्या फेरीतच नित्याचे ज्ञान साठते, आणि त्याच ज्ञानाला विपरीत काय ते दिसते.

आता यंत्राच्या फेरीकडे पाहू. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीतला 'क्रॉन', म्हणजे ठरल्या वेळी हुकूम चालवणारी आज्ञावली, दिलेला हुकूम तेवढा बजावी. हुकूम फसला तर फसला. एजंट मात्र अडला की वाट शोधतो. बिलाची चाचणी १००.५० रुपयांची अपेक्षा करीत आहे, नवी आवृत्ती १०० देत आहे, आणि 'सकाळपर्यंत सर्व चाचण्या उत्तीर्ण कराव्यात' एवढाच हुकूम आहे, अशा वेळी अपेक्षित आकडाच बदलून टाकण्याची वाट त्याला मोकळी असते. एजंटांनी अशी वाट धरल्याचे अनुभवासही आले आहे. सकाळी सर्वत्र हिरवी खूण दिसते आणि पन्नास पैसे कोणाच्या तरी हिशेबातून गेलेले असतात.

म्हणून एजंट नकोच, हा दुसरा पक्षही टिकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील सुरक्षेचे छिद्र उघडकीस आले, दुरुस्त आवृत्तीही निघाली, तरी असंख्य यंत्रणांवर ती दीर्घकाळ बसविली गेली नाही. कंटाळलेल्या माणसाची टाळाटाळ ही काही दक्षता नव्हे.

तेव्हा फेरी एजंटाने खुशाल करावी, मुखत्यारी त्याला देऊ नये. बदल त्याने आज्ञावलीच्या वेगळ्या शाखेत मांडावा, मुख्य शाखेत माणसाने घ्यावा. चाचणीतील अपेक्षित आकड्यास त्याने परवानगीवाचून हात लावू नये. कालच्यापेक्षा आज काय निराळे दिसले ते वर्दीत अग्रभागी लिहावे. ती वर्दी वाचणारा मनुष्य नावानिशी नेमलेला असावा, वर्दी आली नाही त्या दिवशीही त्याने चौकशी करावी, आणि या वाचनाचा वेळ फावल्या वेळात न ढकलता त्याच्या कामाच्या तासांत धरावा.