कांदा नको, घड्याळ पाहा!

वर्गात कुणाला फिट आली तर तुम्ही काय कराल? गेल्या पावसाळ्यात अलिबागला आमच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग चालू असताना एक मुलगा कोसळला. एकजण कांदा आणायला धावला, दुसऱ्याने पायातली चप्पल काढली. कांदा नाकाशी धरला आणि झटके थांबले! सगळ्यांची खात्री पटली. पण बहुतेक फिट एकदोन मिनिटांत आपोआप थांबते, आणि कांदा शोधून आणायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी संदेश धाडतात. असंख्य पेशी एकदम भलत्याच जोराने संदेश सोडू लागल्या की फिट येते. हा देवीचा कोप नव्हे, वेडही नव्हे. म्हणून इथे भगत नको, न्यूरॉलॉजिस्ट हवा. लोक त्याला मनोविकारतज्ज्ञ समजतात. दोघांचा मेंदू एकच, त्यामुळे कुंपण थोडे सैल आहे खरे! मेंदूत गाठ सापडली तर तो रोग्याला शल्यविशारदाकडे पाठवतो. स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही.

आणि त्याची साधने? ती आमच्या भौतिकीची. हान्स बर्गरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी प्रथम नोंदल्या. टॉर्चच्या सेलपेक्षा त्यांचा दाब दहा हजार पटींहूनही कमी असतो. एमआरआय यंत्रातले १.५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र, अलिबागची वेधशाळा १९०४ पासून ज्या भूचुंबकत्वाची नोंद ठेवते, त्याच्या सुमारे ३५ हजार पट. तरी ‘डॉक्टर व्हायचंय, फिजिक्स कशाला?’ असे विचारणारे दरवर्षी भेटतातच!

मात्र रोगी यंत्रापाशी पोहोचतो तोवर फिट थांबलेली असते, आणि आलेख पुष्कळदा निर्दोष निघतो. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, पाहिले कुणी? आधी कोणता हात हलला? मान कुठे वळली? किती मिनिटे? डावा हात आधी झटकू लागला तर बिघाड बहुधा मेंदूच्या उजव्या भागात. ही माहिती फक्त तुमच्यापाशी असते. तेव्हा आसपासचे बाक दूर सारा, त्याला कुशीवर वळवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटे उलटली तर थेट रुग्णालय! शिक्षकांनी हे वर्गात एकदा करूनच दाखवावे, असे माझे मत आहे.

त्या दिवशी आमच्या टेबलांवर स्टॉपवॉच होती. एकही कुणी दाबले नाही, मीसुद्धा नाही. डॉक्टरांनी वडिलांना विचारले, वडिलांनी मला. मला फक्त कांद्याचे सांगता आले.