सूत्रधार थकतो तेव्हा

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. हा तरुण पुण्यास एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. शनिवारी रात्री तो नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगरला) घरी येतो आणि रविवारी दुपारी सावेडीतील एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत पाच जणांची बैठक भरवतो. या बैठकीत पत्ते नसतात, पैसाही नसतो. टेबलावर कागद, पेन्सिली, हाताने काढलेला एखादा नकाशा आणि वीस बाजूंचा एक फासा एवढीच सामग्री. गेली अडीच वर्षे हा परिपाठ चालू होता. यंदा मात्र समोरच्या ताटलीतील चकलीला हात न लावता तो बराच वेळ बसून राहिला आणि मग म्हणाला, “सर, मला आता गोष्टच सुचत नाही. रविवार जवळ आला की पोटात गोळा येतो. मागचे चार रविवार मी खोटी कारणे सांगून टाळले.”

या खेळाची ओळख वाचकांपैकी अनेकांना नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती जेमतेम हजार प्रतींची होती. एक जण कथा सांगतो. बाकीचे त्या कथेतील एकेक पात्र होतात. कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी भुरटा चोर. सांगणारा म्हणतो, “नदीला पूर आला आहे, नावाडी पैसे मागतो आहे, तुम्ही काय करता?” खेळणाऱ्याने आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यावयाचे, ते साधले की फसले हे फासा ठरवतो, आणि पुढची गोष्ट सांगणाऱ्याने तिथल्या तिथे रचावयाची. संहिता नाही, तालीम नाही, प्रेक्षकही नाही. सांगणाऱ्याला त्या खेळात निरनिराळी नावे आहेत. आपण त्याला सूत्रधार म्हणू.

परदेशी वाटणारा हा प्रकार आपल्या मातीला तितकासा परका नाही. कोकणातील दशावतारी मंडळी छापील संवादांवाचून रात्रभर आख्यान रंगवतात. तमाशातील वगात कथेचा सांगाडा ठरलेला असतो आणि सोंगाड्या त्यावर आपल्या हजरजबाबीपणाने मांस चढवतो. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात बोहाड्याच्या वेळी माणसे देवादैत्यांचे मुखवटे चढवून रात्र जागवतात. सोंग घेणे आणि सोंगातून बोलणे ही आपली जुनी हौस आहे.

फरक आहे तो ओझ्याच्या वाटणीत. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना करतो आणि रंगमंच नटांच्या स्वाधीन करून आत निघून जातो. बोहाड्यातील सोंगे निरनिराळ्या घरांकडे असतात. कोणा एकावर सारी रात्र पडत नाही. या टेबलावरच्या सूत्रधाराला मात्र आत जाण्याची सोय नाही. राजा तोच, राक्षस तोच, नावाडी तोच, पाऊस आणि पूरही तोच. चार तास त्याने बोलायचे, आठवडाभर पुढच्या चार तासांची तयारी करायची, आणि कोणाचे पात्र मागे पडते आहे, कोण कंटाळला आहे, कोण रुसला आहे यावरही डोळा ठेवायचा. हे सारे नोकरी सांभाळून. अडीच वर्षांत असा माणूस आटला तर नवल ते काय? नवल असेल तर ते इतके दिवस पाझरत राहिल्याचे.

मुलाच्या वडिलांना मी हे सांगू लागलो तेव्हा ते हसले. “खेळच तर आहे! नको वाटतो तर बंद करावा.” या एका वाक्यात आपल्या समाजाची छंदाविषयीची सारी समजूत सामावलेली आहे. कामाचा शीण आपल्याला मान्य असतो. आवडीचा शीण म्हणजे लाड. योगायोग असा की हा खेळ निघाला त्याच साली, १९७४ मध्ये, न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी माणसाच्या ‘जळून जाण्या’वर, ज्याला आज सर्रास ‘बर्नआउट’ म्हटले जाते त्यावर, आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण कोणाचे होते? गिरणीकामगारांचे नव्हे, कारकुनांचेही नव्हे. मोफत दवाखान्यात आपण होऊन सेवा करणाऱ्या मंडळींचे होते, आणि अधिक जीव लावणारा माणूसच अधिक जळतो असे त्यांना दिसले. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची आपल्या वर्गीकरणात नोंद घेतली. पण ती रोग म्हणून नव्हे, तर केवळ नोकरीव्यवसायाशी निगडित घटना म्हणून. आयुष्याच्या इतर क्षेत्रांना तो शब्द लावू नये, असेही तेथे बजावले आहे. संघटनेची अडचण मी समजू शकतो. व्याख्येला कोठेतरी कुंपण घालावेच लागते. परंतु ज्या स्वयंसेवकांपासून ही कल्पना निघाली, त्यांचाच सख्खा भाऊ असलेला हौशी कलावंत त्या कुंपणाबाहेर राहिला, हेही खरे.

या विषयावर मी अधिकाराने बोलतो तो एका जुन्या अनुभवामुळे. तरुणपणी मीही नाटके बसवीत असे. राज्य नाट्य स्पर्धेची परंपरा साठ वर्षांहून अधिक काळाची आहे, आणि त्या स्पर्धेने गावोगावच्या शिक्षकांना, कारकुनांना, टपाल खात्यातील नोकरदारांना रंगमंच दिला हे उपकार मोठेच आहेत. नगरच्या मातीतून सदाशिव अमरापूरकरांसारखा नट निघाला तो अशाच हौशी वातावरणातून. पण स्पर्धेची एक खोड असते. पहिल्या वर्षी आपण नाटक करतो म्हणून स्पर्धेत उतरतो. पाचव्या वर्षी स्पर्धा आहे म्हणून नाटक करतो. सातव्या वर्षी मी टेबलाशी बसलो आणि तीन महिने एक प्रवेश लिहू शकलो नाही. ज्या नेपथ्याच्या फळ्या रंगविताना हातांना आनंद होत असे, त्यांचा वास नकोसा झाला. मंडळींना वाटले, मास्तरांचे डोके चढले आहे. मी कोणाला काही सांगितले नाही, आणि ती माझी चूक होती, कारण त्या मौनाने दोन चांगले मित्र दुरावले ते कायमचेच.

आजच्या तरुणाला स्पर्धेचे परीक्षक लागत नाहीत. तो परीक्षक खिशात घेऊन हिंडतो. २०१५ पासून अमेरिकेतील काही व्यावसायिक नट हाच खेळ कॅमेऱ्यापुढे खेळू लागले आणि जगभर त्यांचे चाहते झाले. आवाज बदलण्यात ज्यांची हयात गेली अशा मंडळींशी सावेडीच्या गच्चीवरचा मुलगा स्वतःची तुलना करू लागतो, आणि दुर्दैवाने त्याचे मित्रही करतात. “तुझा राक्षस त्यांच्यासारखा बोलत नाही,” असे कोणीतरी थट्टेत म्हणाले होते. थट्टा विसरली गेली, काटा राहिला.

मग उपाय काय? या प्रश्नावर मला आपल्या जिल्ह्याच्या दोन गोष्टी आठवतात.

पहिली भुईकोट किल्ल्याची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जवाहरलाल नेहरूंना इतर काँग्रेस पुढाऱ्यांबरोबर येथे आणून ठेवले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ या किल्ल्यात लिहिला गेला हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण तो १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिला गेला, हे सहसा ध्यानात येत नाही. त्याआधी वीस महिने उलटून गेले होते. या काळात ग्रंथाला हात न लावता नेहरू वाचत होते आणि उन्हातान्हात फुलांसाठी वाफे खणत होते. माती वाईट, दगडांची आणि जुन्या बांधकामांच्या अवशेषांची. तीच ते उकरीत राहिले. पुढे लेखणी उचलली तेव्हा हजारभर हस्तलिखित पृष्ठे झाली. त्याच कोठडीवजा वास्तूत मौलाना आझाद आपल्या मित्राला न धाडता येणारी पत्रे लिहीत होते आणि त्यांत चहावर आणि खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांवर पानेच्या पाने खर्ची घालीत होते. नेहरू थकले होते असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या मनाचा ठाव घेण्याचा अधिकार मला नाही. परंतु ज्याच्यापाशी वेळ होता, विषय होता, सिद्धहस्त लेखणी होती, त्यालाही वीस महिने कुदळ जवळची वाटली, ही गोष्ट चार रविवार चुकल्याबद्दल स्वतःस अपराधी मानणाऱ्याने जरूर लक्षात घ्यावी.

दुसरी गोष्ट आपल्या रानांची. नगर, पाथर्डी, जामखेडकडचा जुना शेतकरी काळ्या रानात खरिपाचे पीक घेण्याचे टाळतो. पावसाळाभर रान मोकळे ठेवतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून रब्बीची ज्वारी पेरतो. ज्याला शेती ठाऊक नाही त्याला वाटेल की जमीन चार महिने वाया गेली. पण त्या चार महिन्यांत तो स्वस्थ बसत नाही. वाफसा पाहून कुळवाच्या पाळ्या देतो, तण मोडतो, ओल जमिनीत मुरवतो. त्या मुरलेल्या ओलीवर मालदांडी थंडीत उभी राहते. पडीक टाकलेले रान आणि राखलेले रान दुरून सारखेच दिसते, पण पडीक रानात चार महिन्यांनी हरळी माजलेली असते.

माझ्या विद्यार्थ्यास मी प्रथम एवढेच सांगितले की खोटी कारणे देणे थांबव. थकलो आहे, संक्रांतीपर्यंत सांगणार नाही, असे मित्रांना सरळ सांग. असे बोलताना पुरुषांना आपल्याकडे फार लाज वाटते. त्याने जे उत्तर दिले त्याने मात्र मी थोडा चमकलो. त्या पाचांत एक मुलगा अडखळत बोलणारा आहे. कचेरीत तो दिवसभर मान खाली घालून असतो. रविवारी मात्र मांत्रिक होऊन चार तास बोलतो, आणि त्या सोंगात त्याची जीभ फारशी अडत नाही. “मी थांबलो तर तो कोठे बोलेल, सर?” खेळच तर आहे, असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. मला ते देता आले नाही. एवढे मात्र म्हणालो, की बैठक बंद करू नकोस, तुझी खुर्ची सोड.

हे मी स्वतःवरून सांगितले. माझे लेखन आटले त्यानंतरच्या वर्षी दुसऱ्या एका मंडळीच्या नाटकात मी विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग केले. दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याची काळजी. दिग्दर्शकाने रागावावे आणि मी चहा सांगून यावा. त्या वर्षी नाटक मला पुन्हा दिसू लागले. आतापर्यंत केवळ त्यातील चुका दिसत होत्या. आटलेल्या माणसाला विश्रांती हवी असते हे खरेच, पण नुसत्या विश्रांतीत तो आपल्या आटण्याचाच विचार करीत बसतो. त्याला लहानसे, जोखमीविरहित, हाताचे काम हवे. गोष्ट रचू नये, पण नकाशा रंगवावा. स्वतः न रचता छापील मिळणारी कथा वाचून दाखवावी. तमाशाच्या फडाला जुना वग पुन्हा लावताना कमीपणा वाटत नाही, तर आपल्यालाच का वाटावा? आणि आठवडाभर तो परीक्षक खिशातून बाहेर काढू नये.

अमरापूरकरांच्या शेवटच्या भूमिकांपैकी एक २०१३ च्या ‘बॉम्बे टॉकीज’मधील आहे. सत्यजित राय यांच्या एका कथेवरून दिबाकर बॅनर्जी यांनी केलेल्या त्या भागात, नाटकाच्या वाटेवर हरलेल्या एका नटापुढे त्याचा दिवंगत नाट्यगुरू उभा राहतो. तो गुरू म्हणजे आपले अमरापूरकर. अखेरीस तो नट मोठा होत नाही. चाळीतल्या खोलीत परततो आणि दिवसभरात घडलेले आपल्या लहान मुलीला अभिनयाने सांगतो. नगरकरांनी हा चित्रपट त्या अर्ध्या तासासाठी तरी पाहावा.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन तो विद्यार्थी पुन्हा आला. बैठक चालू आहे. सूत्रधाराच्या खुर्चीवर सध्या बँकेत कारकून असलेला त्यांचा एक मित्र बसतो. तो छापील कथा वाचून दाखवतो, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या मते अगदीच रटाळ वाचतो. मांत्रिक दर रविवारी वेळेवर हजर असतो. आमच्या या माजी सूत्रधाराने स्वतःकडे एक नावाडी घेतला आहे; त्याला पैलतीरी नेऊन सोडण्यापलीकडे काही येत नाही. नवी गोष्ट सुचते का, असे मी विचारले. “अजून नाही,” तो म्हणाला, आणि या वेळी ताटलीतील तिळाची वडी त्याने उचलली.