घरचा कारागीर : गंज काढा, पाणी राखा

चेन्नईच्या खारट, दमट हवेत लोखंडाला सुख नसते. आजोबांच्या पेटीतला रंधा (तमिळ सुताराची ‘इळैप्पुळि’) काही वर्षांत तांबडा होतो आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळवून देणारे इथले मूर मार्केटही १९८५ च्या आगीत जळाले.

खरे तर हा रंधा टाकाऊ नव्हे. अमेरिकेच्या स्टॅन्ले कंपनीने लेनर्ड बेलीची पेटंट १८६९ मध्ये घेतली. त्या धर्तीचे लोखंडी रंधे आजही बनतात. म्हणूनच नीट केलेला जुना रंधा नव्याइतकेच काम देतो.

मात्र घाई नको. गंज झटपट जावा म्हणून पाते विजेच्या सहाणेवर धरले, की ते तापून निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. मग धार टिकत नाही आणि गेलेले पाणी घरी परत देणे सोपे नसते.

त्याऐवजी रंधा खोलावा. अडकलेल्या स्क्रूंना तेल सोडून रात्रभर थांबावे. हातोडी मारू नये, बिडाचे लोखंड तडकते. पाते पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवावे, सकाळी ब्रशने घासावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे.

तळासाठी जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवावा. पाते आत ओढून घट्ट बसवावे, तळावर पेन्सिलीच्या रेघा माराव्यात आणि त्या पुसल्या जाईपर्यंत रंधा घासावा. पुढचे टोक, तोंड आणि मागचे टोक एका पातळीत आले की पुरे. बारीक खड्डे राहिले तरी चालतात.

पात्याची पाठ आधी सपाट करावी, मग २५ ते ३० अंशांच्या उतारावर दगडाने धार लावावी. असे कागद आणि दगड बनवणारी कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी १९५४ पासून चेन्नईचीच आहे.

लाकडी मुठीला लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा. हाताच्या घामाने आलेली झिलई मात्र खरवडू नये.

सागाच्या तुकड्यावरून अखंड, पातळ पापुद्रा निघाला की काम जमले. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरवावा. समुद्राकाठी हा बोळा प्रत्येक वापरानंतर हवाच.