हिशेबाची वही कोण उघडणार?

'मौजे कोलशेत, तालुका व जिल्हा ठाणे' हे शब्द पूर्वी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आणि खरेदीखतात आढळत. आज ते वर्तमानपत्रांत बारीक टाइपात छापल्या जाणाऱ्या ताबा-सूचनांत आणि लिलावाच्या जाहिरातींतही आढळतात. सदनिकेचा क्रमांक, मजला, चटईक्षेत्र, थकलेली रक्कम, राखीव किंमत, इसाऱ्याची अनामत आणि शेवटी 'जसे आहे, जेथे आहे' ही ठरलेली मखलाशी. कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार यांची नावेही त्यातच असतात. पुष्कळदा ती एकाच घरातील नवरा-बायकोची असतात. शेजाऱ्यालाही जे कळू दिले नव्हते, ते एका सकाळी साऱ्या शहरापुढे येते.

कोलशेत हे खाडीकाठचे जुने आगरी-कोळ्यांचे गाव. वायुदलाचा तळ त्याच्या शेजारी आहे. कोलशेत रस्त्यावर बायरचा कारखाना होता. पुढे क्लॅरियंट हे नाव घेतलेल्या सँडोझचाही होता. हे कारखाने उठले आणि २०११ ते २०१४ या काळात त्यांच्या जमिनी प्रत्येकी हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीला बांधकाम कंपन्यांकडे गेल्या. जेथे पाळ्या भरत होत्या तेथे निवासी मनोरे उभे राहिले. जमिनीला एवढा भाव आला, त्या भावाचा बोजा अखेरीस कोणाच्या डोक्यावर बसला? वीस वर्षांचे हप्ते लिहून देणाऱ्या पगारदार माणसाच्या. कारखान्यातील कायम नोकरी गेली आणि कर्ज मात्र कायम झाले, असा हा व्यवहार आहे.

घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो वेगळ्याच मुद्द्यावर. कर्ज किती उरले, व्याज कसे लागले, थकबाकी कोणत्या कारणाने झाली आणि कुटुंबाला थोडी मुदत दिली तर ती फिटेल की नाही, हे घर जाण्यापूर्वी कोणी तटस्थ माणूस तपासतो काय? आजच्या कायद्याचे उत्तर नकारार्थी आहे.

धनकोच न्यायाधीश

संसदेने २००२ साली केलेला आणि 'सरफेसी' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा बँकेला न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार देतो. हप्ते ९० दिवसांहून अधिक काळ थकले की खाते अनुत्पादक ठरते. मग ६० दिवसांची मागणी-सूचना येते. ऋणकोने हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यावयाचे. परंतु ते उत्तर कितीही असमाधानकारक असले तरी तेवढ्यावरून दाद मागता येत नाही. मुदत संपताच बँक स्वतःच्या अधिकारात ताबा घेऊ शकते. प्रत्यक्ष ताब्यासाठी ती जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते, आणि त्याने ३० दिवसांत, फार तर एकूण ६० दिवसांत, हुकूम द्यावयाचा असतो. या टप्प्यावर बँक व ऋणको यांच्यातील वादाचा निर्णय देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. दिवाणी न्यायालयाचे दार याच कायद्याच्या ३४ व्या कलमाने बंद केले आहे. उरते ते ऋण वसुली न्यायाधिकरण. तेथे ४५ दिवसांत जाता येते. पण बँकेने ताब्याचे पाऊल उचलल्यानंतर.

मूळ कायद्यात तर अशी अट होती की, मागितलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरल्याशिवाय न्यायाधिकरणाने ऋणकोचा अर्जच ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कायदा उचलून धरला, पण ही अट रद्द केली. कायदा करणाऱ्यांची मनोवृत्ती त्या एका अटीवरून पुरेशी उघड होते. हप्त्याला पैसा नाही म्हणून ज्याचे घर जात आहे, त्याने तीन-चतुर्थांश कर्ज आधी मोजावे आणि मग न्याय मागावा!

यानंतर २०१६ साली आणखी एक हक्क आखडला गेला. तोपर्यंत विक्रीच्या दिवसापर्यंत पैसे भरून तारण सोडवता येत असे. दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की तो हक्क संपतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच अर्थ लावला. दागिने मोडून, गावची जमीन विकून जाहिरातीनंतर आठ दिवसांनी कोणी पूर्ण रक्कम घेऊन उभा राहिला, तरी घर परत मिळवण्याचा हक्क त्याला उरत नाही. आपल्याकडे गहाण सोडवण्याचा हक्क हा गहाणाचा प्राण मानला जात असे. तो प्राण वर्तमानपत्रातील एका जाहिरातीने जातो.

करड्याचे घर

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. शिरूर तालुक्यातील करडे या गावी डिसेंबर १८७४ मध्ये कालूराम नावाच्या सावकाराने १५० रुपयांच्या हुकूमनाम्यावरून बाबासाहेब देशमुखांचे घर पाडावयास काढले. गावाने त्या सावकारीवर बहिष्कार घातला, तो आसपासच्या गावांत पसरला आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कर्जरोखे पेटले. दख्खनच्या त्या दंग्यांची चौकशी झाली आणि परक्या सरकारला १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला.

त्या कायद्याचे मर्म फार महत्त्वाचे होते. रोख्यावर जो आकडा लिहिला तोच खरा, असे न धरता न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जावे, देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासावा, मुद्दल वेगळे करावे, व्याज वाजवी आहे की नाही पाहावे आणि हप्ते बांधून द्यावेत, असे त्याने सांगितले. खास गहाण ठेवलेली नसेल ती शेतकऱ्याची स्थावर मिळकत साध्या कर्जापोटी विकू नये, असेही सांगितले. साम्राज्यवादी राजवटीने हे दयेपोटी केले नाही. रयतेच्या असंतोषाच्या धाकाने केले. तरीही सावकाराची वही न्यायाधीशासमोर उघडली जाईल, हे तत्त्व तेथे मान्य झाले. स्वतंत्र भारतातही १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात मजुराचे आणि घरकामगाराचे राहते घर जप्तीपासून वाचवले. पण ते संरक्षण साध्या हुकूमनाम्यापुरते आहे. घर गहाण पडले की ते उपयोगी पडत नाही. आणि आज शहरात गहाण न टाकता घर घेऊ शकतो तो मजूर कोठे आहे?

वही उघडण्याची गरज काय, असे विचारले जाईल. बँक म्हणजे काही सावकार नव्हे. म्हणून एक साधे गणित पाहावे. ३० लाखांचे कर्ज ७ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २३,२६० रुपये येतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. तेवढीच वाढ या कर्जावर आली, तर दर साडेनऊ टक्के होतो आणि केवळ महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये होते. म्हणजे हप्ता तोच राहिला, तर इमाने इतबारे तो भरणाऱ्याचे कर्ज कमी होण्याऐवजी वाढते. मुदत तीच ठेवावयाची तर हप्ता सुमारे २८ हजारांवर न्यावा लागतो. पगार त्याच दहा महिन्यांत वीस टक्क्यांनी वाढला, असे कोणत्या कामगाराच्या बाबतीत घडले? पुढे २०२५ मध्ये रेपो दर उतरला खरा. पण मधल्या काळात ज्याचे खाते अनुत्पादक ठरले, त्याला त्या उताराचा उपयोग काय? थकबाकी ही प्रत्येक वेळी बेपर्वाईतून जन्मत नाही, एवढे जरी कोणी पाहिले, तरी अनेक घरे वाचू शकतील.

एकाच कचेरीचे दोन हात

ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत या कायद्याखालील ताब्याचे अर्ज येतात. त्याच कचेरीत दुसऱ्या प्रकारचे कागदही येतात. ठरलेल्या मुदतीत घर न देणाऱ्या बिल्डरकडून ग्राहकाचे पैसे व्याजासह वसूल करावेत, असे महारेराने काढलेले वसुली वॉरंट ते होत. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. पण राज्यातील अशा वॉरंटांची शेकडो कोटी रुपयांची वसुली तुंबून राहिली आहे. बँकेच्या अर्जासाठी कायद्याने दिवस मोजून दिले आहेत. बिल्डरविरुद्धच्या वसुलीसाठी रेराच्या कलमात तशी मुदत नाही. घर मिळाले नाही तरी हप्ता सुरूच असतो. अशा ग्राहकाचे येणे आणि देणे एकाच कचेरीत येऊन पडले, तर देणे आधी वसूल होईल आणि येणे फाइलीत राहील. शासनयंत्रणा कोणाच्या बाजूस झुकली आहे, हे सांगण्यास आणखी पुरावा लागू नये.

वसुली कठोर नसेल तर ठेवीदार बुडेल, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. ठेवीदारही कष्टकरीच असतो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि मुंबई-ठाण्यातील हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. ती बँक घरकर्जाचे हप्ते थकल्याने बुडाली नाही. तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती. दिवाळखोरी संहितेखाली मोठ्या कंपन्यांचे जे तोडगे निघतात, त्यांत धनकोंच्या मागणीपैकी सुमारे एक-तृतीयांशच हाती लागते आणि बाकीची सूट व्यवहार्य शहाणपण ठरते. जून २०२३ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करण्याची वाट बँकांना मोकळी करून दिली. ज्याच्याशी तडजोड व्हावी असा बुडवा मोठा असावा लागतो. लहान ऋणकोच्या वाट्याला जाहिरात येते.

घर विकले गेल्यावर तरी सुटका होते काय? बोलीतून देणे फिटून काही उरले, तर ते ऋणकोला मिळावे, असे कायदा म्हणतो. परंतु कमी पडले, तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. किमतीचा अंदाज करणारा मूल्यमापक बँकेच्याच अधिकाऱ्याने नेमलेला असतो आणि राखीव किंमतही तोच अधिकारी बँकेच्या सल्ल्याने ठरवतो. बोली लागली नाही, तर पुढच्या खेपेला ती किंमत उतरवली जाते. राखीव किंमत जितकी उतरते, तितके घर गेल्यानंतरही उरणारे देणे वाढते.

अमेरिकेत १९३० च्या मंदीत आयोवा, नेब्रास्का भागातील शेतकरी जप्तीच्या लिलावाला जमून उभे राहत, काही सेंटांची बोली लावीत आणि जनावरे-अवजारे मूळ मालकाला परत देत. तेथे लिलाव गावासमोर होता, म्हणून हे शक्य झाले. आता आपल्याकडील लिलाव संगणकावर होतो. सरकारी बँकांसाठी २०२५ मध्ये 'बँकनेट' हे नवे संकेतस्थळ सुरू झाले. दूर कोठे बसलेला गुंतवणूकदार कोलशेतच्या सदनिकेची बोली लावू शकतो. त्या सदनिकेत राहणारी मुले त्याला दिसत नाहीत. पारदर्शकता म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यात गावाला जागाच उरलेली नाही. शेजारी जेथे उभा राहू शकत नाही, तेथे न्यायाधीश तरी असलाच पाहिजे. स्पेनमध्ये २००८ नंतर हजारो कुटुंबे घराबाहेर काढली गेली. तेथे करारातील अन्यायाची तक्रार चालू असताना न्यायाधीशाला जप्ती थांबवता येत नव्हती. युरोपीय न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती पद्धत बेकायदा ठरवली. जे तेथे मान्य झाले, ते येथे अव्यवहार्य का ठरावे?

मागण्या अवास्तव नाहीत. कुटुंबाचे एकमेव राहते घर असेल, तर ताब्यापूर्वी न्यायिक अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली पाहिजे, आणि हिशेब तपासून हप्ते नव्याने बांधून देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला हवा. गहाण सोडवण्याचा हक्क विक्रीच्या क्षणापर्यंत टिकला पाहिजे. मूल्यमापन बँकेच्या बाहेरच्या माणसाने करावे. एकमेव घर विकले गेल्यावर उरलेल्या देण्यासाठी त्या कुटुंबाचा पाठलाग थांबला पाहिजे. आणि बँकेच्या अर्जाला जेवढे दिवस, तेवढेच दिवस बिल्डरविरुद्धच्या वॉरंटाला लावून द्यावेत. यांपैकी काही गोष्टींसाठी संसदेने कायदा बदलला पाहिजे. शेवटच्या गोष्टीसाठी राज्य सरकारची इच्छा पुरेशी आहे.

सुप्याच्या बाजारात लोकांनी कर्जरोखे जाळले, कारण ते रोखे कोणी तपासून पाहत नव्हते. आजची वही संगणकात आहे. ती जाळता येत नाही आणि जाळण्याचे कारणही नाही. कोलशेतच्या कुटुंबाच्या दाराला कुलूप लागण्यापूर्वी ती एकदा न्यायाधीशासमोर उघडली जावी. १८७९ साली परक्या सरकारने जे दिले, ते आज आपल्या संसदेकडे मागावे लागत आहे.