चढावर थांबणारा वायपर

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीकडून आरे गाठलं की रस्ता डोंगरावर चढतो आणि माथ्यावरून पलीकडे वारेकडे उतरतो. पावसाळ्यात समुद्राकडून तिरपी सर येते. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरची जुनी पेट्रोल जीप नेमकी इथेच अडते. चढावर रेस दिली की वायपर काचेच्या मधोमध थांबतो, उतारावर पाय काढला की धावत सुटतो. अशी जीप गॅरेजात आली की पहिला हात वायपर मोटरला लागतो. आमच्या मते तो सर्वांत शेवटी लागावा.

या मोटरला वीज लागत नाही, तिला इंजिनची ओढ लागते. समुद्रसपाटीला सुस्थितीतलं इंजिन स्लोवर साधारण १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की काटा जवळजवळ शून्याकडे येतो. म्हणजे चढावर वायपर मंदावणं हा या रचनेचा स्वभावच आहे. त्यावर उपाय म्हणून विलीजच्या अनेक जीपांना दुहेरी पंप होता: एक डायफ्राम पेट्रोल ओढायचा, दुसरा वायपरला ओढ द्यायचा. पुढे कधीतरी पेट्रोल येईना म्हणून कुणीतरी साधा पंप बसवतो, व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डला जोडतो, आणि पुढच्या पावसात दोष मोटरच्या माथी येतो. दुहेरी पंप जागेवर असेल तर धूर बघा. त्याचा व्हॅक्यूमचा डायफ्राम फाटला की इंजिन ऑइल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं, धूर निळा येतो, आणि रिंगा गेल्या असं समजून इंजिन उगाच खोललं जातं.

म्हणून आधी गेज लावा. स्लोवर काटा कमी दिसला तर वायपरची नळी चिमटून धरा. काटा वर चढला तर गळती नळीत किंवा मोटरमध्ये आहे. हलला नाही तर मॅनिफोल्ड, कार्बुरेटरची पॅकिंगं आणि इंजिन तपासा. हेच इंजिन महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण चार इंच कमी दाखवेल, तो दोष नव्हे. खाऱ्या हवेत क्लिपा गंजतात, रबर कडक होऊन टोकाला चिरतं. पेट्रोलची मऊ नळी इथे वापरू नका, ती आतून चपटी होते. मोटर खोललीच, तर तिच्या आतल्या पात्याच्या कडेचं सील बघा, आणि रबराला ग्रीस लावू नका.

व्हॅक्यूमवर वर-खाली होणारे हेडलाइट असलेल्या गाड्यांचं दुखणंही याच जातीचं. १९६२च्या लोटस एलानमध्ये चासीचा पुढचा पोकळ आडवा भागच व्हॅक्यूमची टाकी आहे. तो गंजून भोक पडलं तर दिवे वर राहत नाहीत, आणि नवा ॲक्चुएटर घालूनही फरक पडत नाही. १९६८च्या कॉर्व्हेटमध्ये वेगळी टाकी आणि एकेरी झडप आहे. इंजिन बंद केल्यावरही साठा टिकला पाहिजे. लगेच उतरला तर आधी झडप, मग नळ्या, एकेक भाग बंद करत पुढे जा.

डिझेल इंजिन घातलेल्या जीपेचा मात्र विचार वेगळा. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये कामाची ओढ मिळत नाही. अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप ब्रेक बूस्टरसाठी असतो. त्यातून वायपरला फाटा काढू नका. तिथे गळती झाली तर बूस्टरच दगावेल आणि वारेच्या उतारावर ब्रेक जड होईल. अशा जीपेला इलेक्ट्रिक वायपर बसवा, आणि काढलेली मूळ मोटर मालकाच्या हाती परत द्या.