तेलही गेलं, तूपही गेलं?

पुण्यातली माझी एक मैत्रीण नोकरी सोडून स्वतःच्या ब्रॅण्डची चकली विकते. पाकिटावरची 'फक्त सूर्यफूल तेलातली!' ही ओळ माझी. मानधन? दोन किलो चकली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आता त्याचा पुण्यातल्या चकलीशी काय संबंध? आहे ना बॉस! तेव्हा आपल्याकडे बाहेरून येणारं बहुतेक सूर्यफूल तेल या दोन देशांतलंच असायचं. होलसेलवाल्याने आधी भाव वाढवला, मग डबे द्यायचेच बंद केले. पामतेल घ्यावं, तर २८ एप्रिलला इंडोनेशियाने त्याची निर्यात थांबवली. ती सुरू झाली थेट २३ मे रोजी.

"मिळेल ते तेल वापर गं. पाकिटाच्या मागचं वाचतंय कोण?" हा सल्लाही माझाच. ती शांतपणे म्हणाली, "मी वाचते."

मी गप्प.

शेवटी तिने शेंगदाणा तेल घेतलं. महाग, पण इथलंच. छापून ठेवलेली पाकिटं भंगारात गेली. भाव वाढवला आणि त्याचं कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवलं. काही जण तुटले, बरेच टिकले.

आता तिचा फंडा साधा आहे. तेलाचे व्यापारी दोन. दुसऱ्या तेलातली चकली आधीच तळून, चाखून ठेवलेली. आणि पाकिटं एका वेळी महिन्यापुरतीच छापायची.

आणि मी? कुणासाठीही 'फक्त' लिहिण्याआधी विचारते, "हे उद्या मिळालंच नाही तर?"